शेवट न पाहिलेली नावं

पाळणा टांगायला दोन माणसं लागली आणि नाव टांगायला तीन. गिरीराज स्टुलावर चढून थर्मोकोलची अक्षरं खिडकीच्या गजांना बांधत होता, त्याची धाकटी बहीण दिव्यश्री खालून “अण्णा, स्वल्प वर, अजून स्वल्प,” असं घरच्या कन्नड-मराठीत सांगत होती, आणि त्याची बायको सुलभा सहा आठवड्यांची पोर मांडीवर घेऊन सोफ्यावरून बघत होती. चमकी लावलेली तीन अक्षरं. निहारा.

“कसं दिसतंय, अत्ते?” गिरीराजनं मागं वळून आत्याला विचारलं.

“थेटरावरच्या बोर्डासारखं,” सकवारबाई म्हणाल्या.

सगळे हसले. सकवारबाई देवासमोर बसून वाती वळत होत्या, त्या तशाच वळत राहिल्या. अकरा वाजता पाळणा हलणार होता आणि मोहित्यांच्या घरातली थोरली लेक म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचं काम त्यांचं होतं. इतर घरांत बाळाची सख्खी आत्या नाव ठेवते. ह्यांच्यात मात्र वयानं सगळ्यांत मोठी अशी जी लेक हयात असेल, तिचं तोंड. आणि तिनं एकदा कानात जे सांगितलं तेच नाव खरं, मग शाळेच्या पटावर आणि रेशनकार्डावर काही का लिहीनात.

वयाच्या अठराव्या वर्षापासून त्या हे करत आल्या होत्या. आजवर अकरा मुलांच्या कानात त्यांनी नावं सांगितली. त्यांतली नऊ आपापल्या संसाराला लागली होती. उरलेल्या दोघांची नावं त्यांनी सिनेमातून आणली होती.

तेव्हा हे जे. पी. नगरातलं घर नव्हतं. मोहिते चामराजपेटेत राहायचे, आणि नवरा तिसऱ्या वर्षीच गेल्यावर माहेरी परतलेल्या सकवारबाई मॅजेस्टिक भागातल्या एका थेटरात बायकांच्या तिकीट खिडकीवर बसायच्या. एकतीस वर्षं बसल्या. खिडकी बंद करून आत जाईपर्यंत सिनेमा अर्धा तास पुढं गेलेला असायचा, आणि शेवटची वीस मिनिटं उरली की पुढच्या खेळाची खिडकी उघडायला बाहेर यावं लागायचं. थेटरात आलेला प्रत्येक सिनेमा त्यांनी पाहिला, पण एकाचीही सुरुवात नाही आणि एकाचाही शेवट नाही. घरी येऊन भावजयांना गोष्ट सांगताना दोन्ही टोकं त्या आपल्या मनानं जोडायच्या. आणि त्यांनी जोडलेला शेवट नेहमी गोड असायचा.

थोरल्या भावाचा मुलगा झाला तेव्हा थेटरात एका राजपुत्राचा सिनेमा लागला होता. राजपुत्राचं नाव किरणसेन. असं नाव पेठेत कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना आवडलं. पाच वर्षांनी धाकट्या भावाला, म्हणजे गिरीराजचे वडील खंडोजी ह्यांना, पहिली मुलगी झाली. त्या महिन्यात थेटरात तळ्याकाठी राहणाऱ्या एका मुलीचा सिनेमा होता. तिची वेणी इतकी लांब की तीत तारे अडकतात असं गाण्यात होतं. तारावेणी. ते नाव तर सगळ्या गावानं उचललं. त्या वर्षी चामराजपेटेतच सहा तारावेण्या पाळण्यात पडल्या, सिनेमा अकराव्या आठवड्यात उतरला, आणि पुढच्या वर्षी एकही नाही. पुन्हा कधीच नाही.

खंडोजींची तारी अडीच वर्षांची असताना मागच्या अंगणातल्या हौदात गेली. पाणी गुडघाभर होतं.

त्यानंतर सकवारबाईंनी सिनेमातलं नाव आणलं नाही. पण किरणसेन हिंडत-फिरत होता. एकोणिसाव्या वर्षी तो कॅन्टोन्मेंट स्टेशनवर गाडीत बसला, पोचल्याचं पत्र टाकतो म्हणाला, आणि ते पत्र अजून यायचं होतं. तो गेल्याच्या वर्षी थेटरातला म्हातारा डोअरकीपर चहा पिता पिता सहज बोलून गेला की त्या राजपुत्राच्या सिनेमाचा शेवट त्याला फार आवडायचा. राजपुत्र होडीत बसतो, धुकं येतं, धुकं जातं, होडी रिकामी असते. सकवारबाईंनी कप खाली ठेवला तो परत उचलला नाही. तारावेणीच्या सिनेमाचा शेवट त्यांनी त्याला विचारला नाही. त्याला नाही, कुणालाच नाही. फक्त एक केलं. पेठेतल्या बाकीच्या पाच तारावेण्यांची घरं त्या एकेका सुट्टीच्या दिवशी शोधत गेल्या. दोन घरं रिकामी झाली होती. दोन घरांतल्या बायकांनी नाव ऐकून दार लावून घेतलं. पाचव्या घरी त्या गेल्याच नाहीत.

हे सगळं त्यांनी पोटात ठेवलं होतं. आणि आता खिडकीवर ती तीन अक्षरं वाऱ्यानं हलत होती.

“काल लस टोचायला गेले होते ना,” सुलभा दिव्यश्रीला सांगत होती, “कागदावर मी नाव लिहून दिलं होतं. सिस्टरनं हाक मारली, ‘निहारा,’ तर आम्ही पाच जणी उठलो. पाचही जणींच्या हातात मुलीच. मग सगळ्या हसायलाच लागलो. ओळखी झाल्या अगदी.”

“सगळ्या गुरुवारच्या मालिकेवाल्या?”

“मग काय. एकीचा नवरा म्हणत होता, बाई, तुम्ही संघटना काढा.”

“सुलभा,” सकवारबाई म्हणाल्या, “त्या मालिकेचा शेवट काय आहे?”

“अहो आत्याबाई, अजून कुठं संपलीय?”

“कुणाला तरी ठाऊक असेल की.”

सकवारबाईही ती मालिका बघत होत्याच. डोंगरावरच्या पांढऱ्या घरात राहणारी ती मुलगी, निहारा. तिला कुणीतरी हाक मारतं आणि ती दार उघडते तर बाहेर कुणी नसतं. सुलभा गरोदरपणात पाच महिने पाठीवर पडून होती. आधीची दोन गेली होती, आणि ह्या वेळी डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पुण्याची मुलगी, कंप्युटरच्या कंपनीतली नोकरी, कन्नड येत नाही, खिडकीतून दिसतं ते एक शेवग्याचं झाड. तिला आठवड्यातला गुरुवार तेवढा होता. मालिकेचं संगीत लागलं की पोर पोटात लाथ मारायची. सातव्या महिन्यात एकदा दोन दिवस हालचाल थांबली, सगळ्यांचे चेहरे उतरले, आणि गुरुवारी संध्याकाळी संगीत लागल्यावर सुलभानं पोटाशी तोंड नेऊन हाक मारली, “निहारा.” तेव्हा लाथ बसली. हे तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. ते नाव बदला असं तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

“तुझी ती मावसबहीण आहे ना मुंबईला,” सकवारबाई म्हणाल्या, “मालिकेत कपडेपट बघते ती. तिला विचार की. रविवार आहे, घरी असेल.”

“आज? आत्ता?”

“विचार गं,” गिरीराज स्टुलावरून उतरत म्हणाला. “अत्तेला कधी नव्हे तो शेवट कळू दे. आयुष्यभर मधलंच बघितलंय तिनं.”

सुलभानं हसत हसत पोरीला दिव्यश्रीकडं दिलं आणि फोन लावला. पहिली पाच मिनिटं बाळाच्या वजनाची आणि बारशाला येता न आल्याची झाली. मग तिनं विचारलं. मग ती “अय्या, खरंच?” म्हणाली, “कधीपासून?” म्हणाली, आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. एव्हाना खंडोजी वर्तमानपत्राची घडी करून आत आले होते. त्यांची बायको कस्तुराबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिच्या हातात नुकता धुतलेला वरवंटा होता. बाळाच्या आधी त्यालाच झबलं-टोपडं घालून पाळण्यात निजवतात, कुणाची दृष्ट लागायची असेल तर दगडाला लागू दे म्हणून. घरात त्याला गुंडो म्हणत.

फोन ठेवून सुलभा म्हणाली, “कुणाला सांगू नका हं. त्या नटीला मोठा सिनेमा मिळालाय. ती सोडतेय. पुढच्या महिन्यात तिला काढणार.”

“काढणार म्हंजे?” खंडोजींनी विचारलं.

“म्हणजे गोष्टीतून हो, बाबा. एक तर आजार, नाहीतर अपघात. लेखकानं दोन्ही लिहून ठेवलंय म्हणे. आयत्या वेळी जे जमेल ते.”

दिव्यश्रीच्या खांद्यावर पोर उचकी देत होती. कस्तुराबाई वरवंटा तसाच पोटाशी धरून आत गेली.

“गिरी,” खंडोजी म्हणाले, “ती अक्षरं उतरव.”

“काय?”

“उतरव म्हटलं. दुसरं नाव बघा.”

“पण बाबा, परवा तर तुम्हीच म्हणालात, नव्या जमान्याचं नाव आहे, छान आहे...” सुलभाचा आवाज चढता चढता फुटला. “एका नटीनं नोकरी सोडली म्हणून माझ्या मुलीचं नाव बदलायचं?”

“अप्पा, तुम्ही पण ना,” दिव्यश्री म्हणाली. “मालिकेत मेलं म्हणून कोण मरतं? असं असतं तर अर्धा देश रिकामा झाला असता.”

“तू गप्प बस. तू तेव्हा नव्हतीस.”

“मी कधीच नसते तेव्हा. काय झालं होतं ते पण कुणी सांगत नाही.”

गिरीराज दोघांच्या मध्ये उभा होता. सकाळपासून तो बायकोच्या बाजूचा होता. आता त्यानं बापाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्याचं मन डळमळलं. “सुलू, आपण असं करू या,” तो हळूच म्हणाला, “कानात दुसरं सांगू, हाक मारायला निहारा...”

“कानात सांगतात तेच खरं असं तुमच्या घरात मला दहा वेळा सांगितलंय,” सुलभा म्हणाली. “मी दोन मुलं विनानावाची घालवलीत, गिरी. ही त्या नावाला ओ देऊन राहिली. तुम्ही नव्हता तिथं. मी होते.”



“मग सकवार ठेवू,” गिरीराज ताण सैल करायला म्हणाला. “अत्तेचं. सत्तरी आली तरी गच्चीवर चढून पापड वाळत घालते. दणकट नाव.”

“तोंड आवर,” आतून कस्तुराबाईचा आवाज आला. “जित्या माणसाचं नाव ठेवत नाहीत. एका नावानं दोघं राहत नाहीत एका घरात. एकाला जागा करून द्यावी लागते.”

“गंमत केली गं, अम्मा.”

“आजच्या दिवशी नको गंमत.”

खंडोजी खुर्चीत बसले. एकदम थकल्यासारखे दिसले. “माझं काही म्हणणं नाही,” ते म्हणाले. “तोंड अक्काचं आहे. अक्का ठरवंल.” आणि बहिणीकडं न बघता त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

सकवारबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून. त्या स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा कस्तुराबाई ओट्यापाशी उभी राहून गुंडोला टोपडं बांधत होती. घुगऱ्या शिजल्या होत्या, पुरणाच्या होळिग्यांवर ओलं फडकं होतं. मागच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. अंगणाखाली पाण्याचा संप, जमिनीतली टाकी, आणि त्याच्या लोखंडी झाकणाला कुलूप. हे घर घेतलं त्या दिवसापासून ते कुलूप होतं, आणि किल्ली कस्तुराबाईच्या मंगळसूत्रात.

दोघींनी एकाच घरात बेचाळीस वर्षं काढली होती. एका सुपात तांदूळ निवडले होते, एकीच्या तापात दुसरीनं रात्री काढल्या होत्या. पण तारीचं नाव त्यांच्यामध्ये कधी निघालं नव्हतं.

“अक्का,” कस्तुराबाई टोपड्याची गाठ मारत म्हणाली, “त्या सिनेमाचा शेवट तुम्ही बघितला होता का?”

कुठला सिनेमा, असं सकवारबाईंनी विचारलं नाही. “नाही,” त्या म्हणाल्या. “खिडकी उघडायला जावं लागायचं.”

“मला वाटलंच. नाहीतर ठेवलं नसतं तुम्ही.” तिनं दुसरी गाठ आवळली. “मी बघितला. तारी गेली त्याला सहा महिने झाले असतील. मला माहेरी म्हैसूरला पाठवलं होतं, आठवतंय? तिथं तंबू थेटरात लागला होता. आईला सांगितलं देवळात जाते, आणि गेले. खालीच बसले, मातीत. सगळा बघितला.”

“कस्तुरा...”

“ती मुलगी तळ्यात उतरते, अक्का. कुणी ढकलत नाही, पाय घसरत नाही. कुणीतरी हाक मारल्यासारखी वळते, हसते आणि उतरते. पाणी गुडघ्याएवढंच असतं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, एवढ्याशा पाण्यात कुणी बुडतं होय, कायतरीच दाखवतात.” कस्तुराबाईनं गुंडोच्या टोपड्याची झालर नीट केली. “मी कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही. बोलून तुमच्याशिवाय कुणाला लागलं असतं?”

अडतीस वर्षं सकवारबाई समजत होत्या की ही शंका फक्त त्यांच्या पोटात आहे. आणि अडतीस वर्षं ही बाई रोज सकाळी त्यांच्यापुढं चहाचा पेला ठेवत होती.

“मी नाही सांगत तिच्या कानात,” त्या म्हणाल्या. “मला जमायचं नाही म्हणते.”

“मग दिव्या सांगंल. तिला वाटतंय आपला मान गेलाय, ती टपलीय. आणि ती तेच नाव सांगंल.” कस्तुराबाईनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे कोरडे होते. “नाही म्हणून भागायचं नाही, अक्का. तुम्हालाच सांगायचंय. काय सांगायचं ते तुम्ही बघा. माझ्या नातीला मी अशी जाऊ द्यायची नाही.”

बाहेर शेजारणींचे आवाज आले. “बन्नी, बन्नी,” म्हणत दिव्यश्री सगळ्यांना आत बोलावत होती. अकरा वाजायला आले होते.

पाळण्याभोवती पंधरा-वीस बायका झाल्या. सुलभाचे डोळे लाल होते, पण तिनं हिरवी साडी नेसली होती आणि अक्षरं खिडकीवर होती तशीच होती. खंडोजी आणि गिरीराज दारात, पुरुषांनी उभं राहावं तसे, आत नाहीत आणि बाहेर नाहीत. गुंडोला पाळण्यावरून आणि पाळण्याखालून फिरवायला सुरुवात झाली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. ह्या बाजूची बाई वाकून खालून द्यायची, त्या बाजूची घेऊन वरून परत द्यायची. टोपड्यातला काळा गुळगुळीत दगड हातातून हातात जाताना थेट मूल दिसत होता. पाचवी फेरी झाल्यावर त्याला पाळण्यात निजवलं.

आता गुंडोला एका कडेला सारायचं आणि बाळाला निजवायचं. दिव्यश्री बाळ घेऊन पुढं झाली. त्याच वेळी सकवारबाई वाकल्या. पाळण्याच्या दोन्ही दोऱ्या मुठीत धरून, डोकं अगदी आत घालून, त्यांनी दगडाच्या टोपड्याशी तोंड नेलं आणि स्पष्ट, थांबून थांबून म्हटलं, “निहारा. निहारा. निहारा.”

बायकांत खसखस पिकली.

“अत्ते,” दिव्यश्री म्हणाली, “तो गुंडो आहे. बाळ माझ्याकडं आहे.”

“अय्यो, पापा, बिचाऱ्या,” शेजारची एक कन्नड बाई कळवळून म्हणाली. “अक्कांना दिसत नाही आता नीट.”

“होय,” सकवारबाई म्हणाल्या. “चुकलंच की. आण तिला.”

दारातून खंडोजी टक लावून बघत होते. कस्तुराबाई मात्र दुसरीकडं बघत होती.

बाळाला निजवलं. सकवारबाईंनी तिच्याकडं पाहिलं. एवढंसं तोंड, भुवया नाहीतच, आणि कपाळावर काजळाची तीट. दगडाला जायचं ते दगडाला गेलं होतं. पण पोरीला नाव तर हवंच होतं, आणि सकवारबाईंपाशी एकही नाव उरलं नव्हतं. दळणाच्या पिठासारखी त्यांनी मनातली सगळी नावं चाळली. देवांची नावं, नद्यांची, आजीची, पणजीची. प्रत्येकीचं पुढं काहीतरी झालं होतं. एक बाळंतपणात गेली, एकीला नवऱ्यानं टाकलं, एक जळली. ज्याची सुरुवात माहीत आहे, मधलं माहीत आहे आणि शेवटही जवळजवळ दिसतो आहे, म्हातारपणापर्यंत बिनधोक जाणारा, असं एकच नाव त्यांना ठाऊक होतं.

त्या वाकल्या. नाव सांगणारीच्या पाठीत बायकांनी थापा मारायच्या असतात. गलका झाला, थापा पडायला लागल्या. खांद्यावर, मानेखाली, जाड बांगड्यांच्या, हलक्या, हसत मारलेल्या. त्यांच्यात एक थाप वेगळी पडली. अगदी खाली, कमरेपाशी, दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा हात पोचेल तिथं. हात लहान होता. आणि लुगड्यातून आत ओल लागली.

सकवारबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. घरात तेवढं मूल आज कुणी आणलं नव्हतं, हे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं.

“थांब गं,” त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, “येतेच मी.” मग बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी आपलं स्वतःचं नाव सांगितलं. तीनदा. तिसऱ्या वेळी ते सांगताना त्यांना ते परक्या बाईचं वाटलं, खिडकीतून हात पुढं करून तिकीट मागणाऱ्या एखाद्या अनोळखी बाईचं.

“कुर्र,” बायका ओरडल्या. सुलभानं विचारलं, “सांगितलंत, आत्याबाई?” आणि त्या म्हणाल्या, “सांगितलं, बाळ.” सुलभा रडत रडत हसली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. दिव्यश्रीनं टाळ्या वाजवून खिडकीवरचं नाव मोठ्यानं वाचलं, सगळ्यांनी पाठोपाठ म्हटलं. पाळणा हलला. गाणं सुरू झालं. गुंडोला कुणीतरी उचलून खिडकीत, त्या तीन अक्षरांखाली ठेवून दिलं.

मग घुगऱ्यांच्या पुड्या वाटल्या, पानं मांडली, गिरीराज डाळीची कोसंबरी वाढायला आला. सकवारबाई पाळण्यापासून चार हातांवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना बरं वाटत होतं. अंग हलकं झालं होतं, गुडघे दुखत नव्हते. सगळं दिसत होतं, पण काचेपलीकडून दिसावं तसं. दोन बायका त्यांच्यासमोरून गेल्या, जाताना त्यांच्या पदरावर पाय देऊन गेल्या, आणि त्यांचं लक्षच नव्हतं. कस्तुराबाई होळिग्यांचं ताट घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

“अक्का, खाताय ना?” आणि मग, आवाज खाली आणून, “काय सांगितलंत?”

तेवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबली. रघुजी आला होता, थोरल्या चुलत्याचा मुलगा, वय ऐंशी, एका कानानं बहिरा. मोहित्यांच्या कुळात सकवारबाईंना अक्का न म्हणता नावानं हाक मारणारा तेवढा एकच माणूस उरला होता. काठी आपटत, चपला काढता काढता त्यानं दारातूनच मोठ्यानं हाक घातली.

“सकवार! कुठं हाईस गं, सकवार?”

सकवारबाईंनी ती हाक ऐकली. शेजारच्या घरातल्या कुणाला तरी मारलेली हाक ऐकावी तशी ऐकली. ओ द्यावी असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पाळण्यात पोर झोपली होती. तिनं डोळे उघडले. मान सावकाश दाराकडं वळवली, आणि तोंडातून आवाज काढला. रडण्याचा नव्हे. सहा आठवड्यांची मुलं काढतात तसलाही नव्हे. एकच, छोटा, कामात असलेल्या बाईनं ओ दिल्यासारखा.

कस्तुराबाईच्या हातातलं ताट कलंडलं. तिनं आधी पाळण्याकडं पाहिलं आणि मग भिंतीपाशी बसलेल्या आपल्या नणंदेकडं, जणू ती तिथं आहे की नाही ह्याची खात्री करत.

“आली का ऐकू हाक?” रघुजी आत येत म्हणाला. “की तू पण बहिरी झालीस?”

“देतेय की ती ओ,” सकवारबाई म्हणाल्या आणि भिंतीला नीट टेकल्या.